कारखान्यात नवी पद्धत आणताय? आधी कोणाचं काय जातंय ते वहीत लिहा

नाशिकच्या अंबडमधल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्रॉडक्शन बघत होतो तेव्हाची गोष्ट. माणसं चाळीसच्या आसपास, सीएनसी आणि व्हीएमसी (धातू कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) मिळून अकरा मशीन, माल सगळा गाड्यांच्या कंपन्यांना. शिफ्ट संपताना ऑपरेटर रजिस्टर भरायचा, ऑफिसातल्या ताई ते एक्सेलमध्ये चढवायच्या, आणि "माल कुठपर्यंत आला?" याचं उत्तर शेठना दुसऱ्या दिवशी दुपारी मिळायचं. मी सुचवलं, प्रत्येक मशीनपाशी टॅबलेट लावू, पेटी भरली की ऑपरेटर जॉबकार्ड (त्या कामासोबत फिरणारं कार्ड) स्कॅन करेल. शेठना पटलं, टॅबलेट आले. शुक्रवारी संध्याकाळी बोर्डावर नोटीस लावली, शनिवारची सुट्टी झाली, रविवारी नवी पद्धत सुरू.

गुरुवारी फेरी मारली तर दोन टॅबलेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. का, तर कूलंट (कापताना थंडाव्याला सोडतात ते पाणी) उडतं. एकाचा चार्जर गायब. बाकीच्यांवर शिफ्टच्या शेवटच्या दहा मिनिटांत सगळे आकडे एकदम टाकलेले, तेही रजिस्टरात बघून. म्हणजे एका कामाची दोन कामं झाली होती. कोणी भांडलं नाही की "जमणार नाही" म्हणालं नाही. सगळे "हो साहेब" म्हणाले आणि दीड महिन्यात टॅबलेट कपाटात गेले.

दोन वर्षांनी त्याच शॉपमध्ये, जवळपास त्याच माणसांबरोबर, कपाटातले तेच टॅबलेट काढून आम्ही पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी ते चाललं. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. नुकतेच सुपरवायझर झालेले, शिकून वडिलांच्या युनिटमध्ये किंवा रविवार कारंज्यावरच्या दुकानात बसायला लागलेले, एचआरमध्ये पहिली नोकरी करणारे, अशांसाठी. उदाहरण मशीन शॉपचं आहे, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर असो, वायनरीतली पॅकिंगची नवी लाइन असो की पाळ्यांची वेळ, गाडी त्याच वळणांवर अडते.

पायरी 1: बदल एका वाक्यात सांगा, ऑपरेटरच्या हाताच्या भाषेत

"ट्रान्सफॉर्मेशन" हा शब्द फ्लोअरवर आणू नका. आमच्याकडे निम्मी माणसं दिंडोरी-निफाडकडची, त्यांना त्यावरून शिवारातली जळलेली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आठवतो. "पारदर्शकता वाढवणे" हेही नको, कारण ऐकणारा त्याचा अर्थ "आपल्यावर नजर ठेवणार" असाच घेतो.

वाक्य असं हवं: "1 तारखेपासून रजिस्टर बंद, पेटी भरली की कार्ड स्कॅन करायचं." कोण, कधी, हाताने काय करणार आणि कोणतं जुनं काम बंद होणार, एवढं त्यात आलं पाहिजे. जुनं काम कोणतं बंद होणार हे सांगता येत नसेल तर तुम्ही नुसतं ओझं वाढवताय. मग पुन्हा विचार करा.

त्यासोबत कारणाचा एक आकडा हवा, तोही आपल्याच शॉपमधला. आम्ही दोन आठवडे एका कागदावर रेघा ओढल्या: "अमुक जॉब कुठे आहे?" हा प्रश्न दिवसात किती वेळा विचारला जातो आणि उत्तर मिळायला किती वेळ लागतो. आकडा काही फार मोठा निघाला नाही. पण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलेला होता, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. शिवाय सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर सहा महिन्यांनी फरक पडला की नाही हे कशावरून सांगणार?

पायरी 2: कोणाचं काय जातंय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माणसं बदलाला विरोध करतात असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. ज्या माणसाने दोन वर्षांत तीन फोन बदलले, पैसे द्यायला क्यूआर स्कॅन करतो, मुलीची फी ऑनलाइन भरतो, तो मशीनवरच्या टॅबलेटला का घाबरेल? तो त्याच्या हातातून जाणारी गोष्ट सांभाळत असतो. ती गोष्ट काय, हे आपल्याला माहीत नसतं, आणि तो स्वतःहून सांगणार नाही.

म्हणून एक साधी वही घ्या. एका पानावर एक माणूस किंवा एक काम. वर नाव, खाली एकच प्रश्न: नवी पद्धत आली की याचं काय जाईल? आमच्या वहीतली काही पानं सांगतो.

स्टोअरमधले मामा. कोणता इन्सर्ट (टूलला लावायचं कापायचं पातं) कोणत्या खणात, कोणत्या पार्टीचं चलन अडकलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दिवसभर लोक त्यांच्याकडे येणार, विचारणार, तंबाखू मळता मळता ते सांगणार. स्क्रीनवर सगळं दिसायला लागल्यावर त्यांना कोण विचारणार? त्यांचा मानच जात होता. पगार तेवढाच राहणार असला तरी.

ऑपरेटर. रजिस्टर शिफ्टच्या शेवटी भरायचं म्हणजे थोडी मोकळीक. सकाळी चार पीस रिजेक्ट गेले तर दुपारी भरून काढायचे आणि आकडा सरळ लिहायचा. पेटीगणिक स्कॅन म्हणजे ती मोकळीक संपली. याला लबाडी म्हणण्याआधी स्वतःला विचारा: पहिल्यांदा खरं रिजेक्शन लिहिणाऱ्याला तुम्ही काय बोलला होतात?

सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारे, अण्णा. पंचवीस वर्षांचा अनुभव, पण इंग्रजी अक्षरं सावकाश वाचणार. कालच्या आयटीआयच्या मुलासमोर स्क्रीनवर बोट अडखळणार, ही त्यांची भीती. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यांच्या हाताखालच्या हेल्परने सांगितलं.

सुपरवायझर, म्हणजे मी. कोणाला ओव्हरटाइम द्यायचा हे मी रजिस्टर बघून ठरवायचो. तेच आकडे शेठच्या मोबाइलवर जाणार म्हटल्यावर माझ्याही हातातली एक गोष्ट जात होती. पहिल्या वेळी टॅबलेट बंद पडत असताना मी मनापासून किती धडपडलो, याचा आज विचार केला तर उत्तर फारसं शोभेसं येत नाही.

वही भरली की प्रत्येक पानाखाली ठरवा: हे जाणारच आहे, तर बदल्यात काय देता येईल? मामांना आम्ही टूलच्या नोंदींचं मास्टर, म्हणजे मूळ यादी, सांभाळायला दिलं. नवा टूल सिस्टीममध्ये चढणार तो त्यांच्याच सहीने. स्क्रीनवरचे शब्द मराठीत करून घेतले, बटणांना रंग दिले. अण्णांना सुट्टीच्या दिवशी एकट्याने शिकवलं, शॉपमध्ये कोणी नसताना. रिजेक्शनबद्दल शेठनी सगळ्यांसमोर शब्द दिला की पहिले तीन महिने स्क्रीनवरच्या रिजेक्शनवरून कोणालाही बोलणार नाही. काही गोष्टींच्या बदल्यात देण्यासारखं काही नसतं. तिथे गोड बोलू नका. "हे जाईल" असं तोंडावर सांगा. मला स्वतःला ओव्हरटाइमच्या बाबतीत तेच ऐकावं लागलं.

पायरी 3: ठरवण्याआधी विचारा, आणि खरोखर काहीतरी त्यांच्यावर सोडा

यावर एक जुना प्रयोग आहे, तो इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. फॅशन बदलली की कामाची पद्धत बदलायची, आणि दर वेळी उत्पादन पडायचं, बायका काम सोडून जायच्या. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या रीतीने आणून पाहिला आणि निष्कर्ष 1948 मध्ये छापले. एका गटाला नेहमीसारखं बोलावून सांगितलं: काम असं बदललंय, दर असा ठरलाय. त्या गटाचं उत्पादन सावरलंच नाही, आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के बायका सोडून गेल्या. ज्या गटांतल्या सगळ्यांना नवी पद्धत आखण्यातच सामील करून घेतलं, ते काही दिवसांत सावरले, पुढे पूर्वीपेक्षा जास्त काम करू लागले, आणि त्यांच्यातलं कोणी सोडून गेलं नाही. मला यातलं सगळ्यात पटलेलं पुढेच आहे: पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना काही आठवड्यांनी पुन्हा नवं काम दिलं, या वेळी त्यांना सामील करून घेऊन, आणि त्याच बायका झटपट सावरल्या. म्हणजे "आमची माणसंच तसली" हे कारण उरत नाही.

पण विचारणं म्हणजे मीटिंग घेऊन "काही शंका?" म्हणणं नव्हे. त्यावर सगळे मान खाली घालतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी, दोन आठवडे चहाच्या वेळी मी ऑफिसात न बसता गेटबाहेरच्या टपरीवर उभा राहिलो आणि कोण कोणाला विचारतं ते पाहिलं. मशीन अडलं की माणसं माझ्याकडे येत नव्हती. पाच-सहा जण दुसऱ्या शिफ्टच्या एका ऑपरेटरकडे जात होते, जो हुद्द्याने कोणीच नव्हता. त्याच्याशी पहिल्यांदा बोललो. दुसरं म्हणजे, काही निर्णय उघडे ठेवले: टॅबलेट मशीनच्या कोणत्या बाजूला, स्कॅन पेटीला की ट्रॉलीला, रिजेक्शनची कारणं कोणत्या शब्दांत. टॅबलेट उजवीकडे लावायचा माझा बेत होता. दुसऱ्या शिफ्टच्या त्या ऑपरेटरने एका मिनिटात दाखवलं की मशीनचं दार उघडलं की कूलंट उजवीकडेच उडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीचं गुपित दोन वर्षांनी उलगडलं! पिशव्या गुंडाळणारे बहाणा करत नव्हते.

जे निर्णय आधीच झालेत त्यावर मात्र मत मागायचं नाटक करू नका. ते लगेच कळतं.

पायरी 4: नोटीस कधी द्यावी लागते

रजिस्टरऐवजी स्क्रीन, एवढ्याने सहसा कायद्याचा प्रश्न येत नाही. पण बदलात कामाचे तास, विश्रांतीची वेळ, पाळ्या सुरू किंवा बंद करणं, वेतन-भत्ते, पगारी रजा, पूर्वापार मिळणारी सवलत, किंवा माणसं कमी होतील अशी यंत्रांची नवी व्यवस्था येत असेल तर थांबा. औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ नुसार अशा बदलाची कामगारांना आधी नोटीस द्यावी लागत असे आणि 21 दिवसांच्या आत तो लागू करता येत नसे. आता त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही, कलम 40 खाली, ही 21 दिवसांची अट आहे. युनियन असेल तर आधी त्यांच्याशी बोलणं हा शहाणपणाचाही भाग आहे. कागदावर नेण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला एकदा दाखवा.

नोटीस मराठीत लिहा. ठेकेदाराकडची मुलं यूपी-बिहारची असतील तर हिंदीतही. इंग्रजी नोटीस फक्त ऑडिटर वाचतो.

पायरी 5: पंचांग बघून तारीख धरा

हसू नका. नाशिकच्या शॉपमधला निम्मा कामगार घरी शेतकरी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा, मग उन्हाळ कांद्याची काढणी, एप्रिलला खरड छाटणी. या दिवसांत सुट्ट्या वाढतात, आणि जो हजर असतो त्याचं अर्धं लक्ष ढगांकडे. चैत्रात वणीच्या गडावरची यात्रा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. दिवाळीआधी डिस्पॅचची घाई. मार्चअखेर ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या आहेत. 2015 मध्ये पर्वणीच्या दिवशी शहरातली वाहतूक कशी बंद होती ते ज्यांनी पाहिलंय ते त्या दोन महिन्यांत नवं काही सुरू करणार नाहीत. आम्ही जूनचा दुसरा आठवडा धरला. खंडेनवमीला मशीनची पूजा करून "शुभारंभ" करायचा शेठचा आग्रह होता, तो मी कसाबसा टाळला. हार-पेढ्यांचा दिवस शिकायला वाईट.

तारीख मात्र पक्की हवी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा ज्या दुकानांनी दहा वर्षं कॉम्प्युटरला हात लावला नव्हता त्यांनीही महिन्याभरात बिलाची पद्धत बदलली, कारण तारीख बाहेरून आली होती आणि ती हलणारी नव्हती. आपल्या घरच्या बदलाला अशी तारीख कोणी देत नाही. ती आपणच द्यायची आणि पाळायची.

पायरी 6: आधी दोन ओळी

दिंडोरीचा आमचा एक ऑपरेटर म्हणाला होता, "साहेब, नवा वाण आख्ख्या बागेत कोणी लावतं का? आधी दोन ओळी लावून बघतात." द्राक्षवाले आधी डॉगरिज जातीचा खुंट (मुळांसाठीचं झाड) लावतात, तो मातीत धरला की काही महिन्यांनी त्यावर पाहिजे त्या वाणाची कलमं भरतात. घाई केली तर दोन्ही जातं.

आम्ही अकरापैकी तीन मशीन घेतली, तीन आठवडे. निवडताना एक चूक टाळा: सगळ्यात हुशार, उत्साही पोरांची मशीन घेऊ नका. ती चालणारच, आणि बाकीचे म्हणणार, "त्यांचं काय, ते शिकलेले." मधल्या वकुबाची माणसं घ्या, आणि एक तरी तोंडाने फटकळ. त्याच्या तक्रारींतून निम्म्या चुका आधीच सापडतात. तो गप्प झाला की समजा जमलं.

पायरी 7: पहिला आठवडा फ्लोअरवरच

तिन्ही पाळ्यांना. रात्रपाळीला विशेष करून, कारण बहुतेक नवी पद्धत रात्री दोन वाजता मरते: लॉगिन अडकतं, कोणाला फोन करायचा कळत नाही, ऑपरेटर जुनं रजिस्टर काढतो आणि सकाळी कोणी विचारत नाही. मी पहिल्या आठवड्यात तीन रात्री थांबलो. पहिल्या रात्री वाय-फाय गेलं. तिथल्या तिथे ठरवलं की नेट नसेल तर कार्डाच्या मागे पेनाने लिहायचं आणि सकाळी मामा चढवणार. तोडगा साधा होता, पण त्या वेळी तिथे ठरवणारं कोणी हजर होतं म्हणून निघाला.

शिकवणं मशीनपाशी, एका वेळी दोघांना, दहा मिनिटं. प्रोजेक्टरवर चाळीस जणांना दाखवलेलं गेटपर्यंत टिकत नाही.

पायरी 8: उत्पादन पडेल, हे शेठना आधी सांगा

पडतंच. हात नवं शिकत असताना वेग कमी होतो. आधी सांगितलं नसेल तर दुसऱ्या आठवड्यात ऑफिसातून फोन येतो, "बंद करा ते, आधी माल काढा." एकदा असं झालं की फ्लोअर समजून जातं: थोडं थांबलं की साहेबांचं खूळ उतरतं. पुढचा प्रत्येक बदल त्याच आठवणीवर आपटतो. म्हणून आधीच ठरवा, किती दिवस आणि किती घट सोसायची, आणि गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून थोडा माल साठवून ठेवा.

जुनं आणि नवं सोबत चालवायचं तर त्याचीही शेवटची तारीख लावा. आमची दोन आठवडे होती. तारीख नसेल तर दोन्ही कायमची चालतात, आणि खरं कोणतं हे कोणालाच कळत नाही.

पायरी 9: मालकाचा फोन

ही पायरी कोणी सांगत नाही आणि अर्धे बदल इथेच पडतात. टॅबलेट सुरू झाले, स्क्रीनवर सगळं दिसायला लागलं, तरी शेठ सवयीने दुपारी फोन लावायचे: "तो हाउसिंगचा जॉब कुठे आहे?" मी धावत जाऊन विचारायचो, ऑपरेटर हातातलं काम सोडून सांगायचा. मग त्याने स्कॅन कशासाठी करायचं? विचारायला तर माणूस येतोच आहे.

शेवटी मी धीर करून शेठना म्हणालो, "तुम्ही मला फोनवर विचारलंत तर मी स्क्रीनवरच बघून सांगणार. तिथे नसेल तर 'माहीत नाही' म्हणणार." त्यांना राग आला. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोबाइलवर बघितलं आणि फ्लोअरवर येऊन म्हणाले, "सात नंबरला दोन तास स्कॅन नाही, काय झालं?" टूल तुटला होता, आणि मामांकडे पुढचा नव्हता. त्या दिवसानंतर सात नंबरचं स्कॅन कधी चुकलं नाही. मामांनी टूलचा किमान साठा स्वतः लिहून काढला.

मालक तुमचे वडील असतील तर हे बोलणं जेवणाच्या ताटावर करू नका. फॅक्टरीत, केबिनमध्ये, दार लावून करा.

पायरी 10: जुनी रजिस्टरं

दोन आठवडे संपले त्या संध्याकाळी सगळी कोरी रजिस्टरं गोळा केली आणि स्टोअरला कुलपात टाकली. भरलेली जपून ठेवली, ऑडिटला लागतात. तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये एक शंभर पानी वही सापडली. ऑपरेटर स्वतःच्या पैशाने आणून आकडे लिहीत होता. ओरडायला गेलो होतो, पण आधी ती वाचली. त्यात आकड्यांसोबत तो प्रत्येक सेटिंगला ऑफसेट (टूलच्या मापात केलेली दुरुस्ती) किती दिला ते टिपत होता. स्क्रीनवर त्याला जागाच नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही ती जोडून घेतली, आणि वही त्याला परत दिली.

तीन महिन्यांनी सुरुवातीचा तो रेघांचा कागद काढून तसाच पुन्हा दोन आठवडे मोजा. आमच्याकडे "जॉब कुठे आहे?" पूर्ण थांबलं नाही. अण्णा अजूनही मामांना विचारतात.